बान्याचं माप

विनोदिनी उमाठेंना गाता येत नाही, हे त्यांना वयाच्या नवव्या वर्षीच सांगून ठेवलेलं होतं. रायपूरच्या रेल्वे कॉलनीतल्या गणपतीत पोरींचं समूहगीत बसवत होते. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी दोन दिवस ऐकलं, तिसऱ्या दिवशी तिला मागच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि हळूच म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव बेटा. आवाज नको काढू." विनोदिनीला त्याचं काही वाईट वाटलं नाही. दिलेलं काम तिनं इतकं मन लावून केलं, की बक्षीस देताना पाहुण्यांनी "मागच्या रांगेतली ती पोट्टी काय रंगून गाते" म्हणून तिचंच नाव विचारलं.

वडील पुसदकडचे. रायपूरला मालधक्क्यावर कारकून म्हणून आले आणि इथंच राहिले. पोरीचा हात चित्रकलेत नव्हे, पण रेघेत सरळ आहे हे त्यांच्या लक्षात आलं. तिनं आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि एकविसाव्या वर्षी ती रेल्वेच्या वाघीण दुरुस्ती कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागली. सोळा पुरुष आणि ती एकटी.

मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, देशभरातून मोडून, वाकून, गंजून तिथं येत. एखादा भाग असा झिजलेला असे, की त्याचा मूळ आकार कोणाला सांगता येऊ नये. मग विनोदिनीबाई कॅलिपर घेऊन यार्डात जात, रुळांवर उकिडव्या बसत, माप घेत आणि झिजलेल्या तुकड्यावरून तो नवा असताना कसा असेल ते कागदावर काढून देत. वाकलेलं असेल ते सरळ करून, झिजलेलं असेल ते भरून. एकोणचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. आधी शाईनं ट्रेसिंग क्लॉथवर, नंतर कॉम्प्युटरवर. चुकीचं माप त्यांच्या हातून गेल्याचं कोणाला आठवत नाही. त्यांना स्वतःला दोन आठवतात.

निवृत्त झाल्यावर सहा महिने त्या घरी बसल्या आणि घर मोजू लागल्या. स्वयंपाकघरातल्या फळ्या अर्ध्या इंचानं उतरत्या आहेत, देवघर काटकोनात नाही, गॅलरीची पायरी इतर पायऱ्यांपेक्षा उंच आहे. नवरा श्रीपाद वीज मंडळातून निवृत्त झालेला, स्वभावानं निवांत, पेपर आणि कढीपत्त्याचं झाड एवढ्यात रमणारा माणूस. तो एक दिवस म्हणाला, "अवो, माझी उंची मोजाच्या आधी काहीतरी काम पाहून घे."

काम जिन्यावरून खाली आलं. वरच्या दोन खोल्यांत इरावती नावाची मुलगी भाड्यानं राहत होती. नागपूरची, तिशीच्या आतली, संग्रहालयाचं शास्त्र शिकलेली. बूढापाऱ्यातल्या एका ट्रस्टनं वाद्यांचं दालन उभं करायला तिला बोलावलं होतं. एकदा ती दूध मागायला आली, तेव्हा फ्रिजवर विनोदिनीबाईंनी काढलेलं मिक्सरच्या तुटक्या झाकणाचं ड्रॉइंग चिकटवलेलं होतं. इरावती दूध विसरून त्याच्यापुढं उभी राहिली.

"काकू, हे तुम्ही काढलं? हातानं?"

"हव. दुकानदाराले दाखवाले. त्याले झाकण सांगून समजत नव्हतं."

"माझ्याकडे त्रेचाळीस वाद्यं आहेत," इरावती म्हणाली. "प्रत्येकाचं असं ड्रॉइंग पाहिजे. मापासकट. याल?"

"मले? अगं, मले सा कुठचा अन् पा कुठचा, दोन्ही सारखेच."

"वाजवायचं नाहीये काकू. मोजायचं आहे."

मोजायचं म्हटल्यावर विनोदिनीबाईंना नाही म्हणता येईना.

ती त्रेचाळीस वाद्यं डॉक्टर नरहरी बक्षी यांची होती. डॉक्टर तरुणपणी बोटीवर नोकरीला होते आणि ज्या बंदरात बोट लागेल तिथल्या बाजारातून एक वाद्य उचलायचा त्यांना नाद होता. पुढं सदर बाजारात दवाखाना टाकून ते रायपूरचे झाले. ते गेल्यावर घरच्यांनी सगळा संग्रह ट्रस्टला दिला. डॉक्टरांनी एका वहीत यादी केलेली होती, एक ते त्रेचाळीस, कुठून घेतलं ते लिहून. वाद्यांना दोऱ्यानं चिठ्ठ्याही बांधल्या होत्या. पण माळ्यावर उंदरांनी दोरे खाल्ले आणि चिठ्ठ्या गळून एका पेटीत गोळा झाल्या. यादी होती, वाद्यं होती, कोणतं कोणत्या ओळीचं ते इरावतीला जुळवायचं होतं.

विनोदिनीबाई पहिल्या दिवशी स्वतःचा कॅलिपर, स्टीलची पट्टी आणि पेन्सिली घेऊन गेल्या. इरावतीनं त्यांच्यापुढं हाताच्या पंजाएवढी एक फळी ठेवली. फळीवर लोखंडाच्या चपट्या पट्ट्या ओळीनं बसवलेल्या, एका टोकाला मोकळ्या. आफ्रिकेतलं, दार-ए-सलामच्या बाजारातलं. हातात धरून अंगठ्यांनी वाजवायचं. विनोदिनीबाईंनी एक पट्टी भिंगाखाली धरली आणि हसू लागल्या.

"इरावती, ही छत्रीची काडी आहे! ठोकून चपटी केली."

"हो, तिकडे करतात तसं. छत्रीच्या काड्या, सायकलच्या तारा, जे मिळेल ते."

दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या पट्ट्यांची लांबी, रुंदी, जाडी टिपून घेतली. मग एकेक पट्टी दाबून सोडली. लांब पट्टीचा आवाज खोल, आखूड पट्टीचा बारीक. वाघिणीच्या स्प्रिंगच्या कमानीतली लांब पाती सावकाश हलते आणि आखूड पाती थरथरते, हे त्यांनी चार दशकं पाहिलेलं होतं. त्यांना सूर कळत नसला तरी कागदावर तो लांबीत दिसू लागला, आणि या गोष्टीचं त्यांना स्वतःलाच मोठं नवल वाटलं.

मग रोजचंच झालं. श्रीपाद सकाळी त्यांना स्कूटरवर सोडून जाई, चारला घ्यायला येई. एक दिवस चीनमधलं वाद्य निघालं. वाडग्यात बांबूच्या सतरा नळ्या उभ्या खोचलेल्या, तोंडानं फुंकायचं. एका नळीच्या बुडाशी पितळेची नखाएवढी पाती होती. विनोदिनीबाईंनी ती पाहिली आणि कोपऱ्यातल्या हार्मोनियमचं झाकण उघडायला लावलं.

"हीच पाती आहे. मोठी केली, बस. म्हणजे आपली भजनाची पेटी चीनहून आली?"

"सरळ नाही आली," इरावती म्हणाली. "अडीचशे वर्षांपूर्वी हे असलं तोंडानं वाजवायचं वाद्य युरोपात पोचलं. तिथल्या कारागिरांना ती मोकळी पाती आवडली. त्यांनी तिची मोठी पेटी केली, खुर्चीवर बसून पायानं भाता मारायची. ती पाद्री लोकांबरोबर आपल्याकडे आली. मग कलकत्त्याच्या कारागिरांनी तिचे पाय कापले आणि तिला मांडी घालून बसायला शिकवलं."

विनोदिनीबाई तो दिवसभर खूश होत्या. घरी श्रीपादला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आपल्या गल्लीतले आठवले गुरुवारच्या भजनात चिनी वाद्य वाजवून राह्यले काय?" आणि दोघं जेवता जेवता हसत सुटले.

सनईचंही तसंच. इराणातली सुरना, तुर्कांची झुर्ना, चीनमधली सुओना, सगळ्या एकाच घरच्या पोरी. डॉक्टरांच्या संग्रहात तिघी होत्या. विनोदिनीबाईंनी तिघींची पोकळी आतून मोजली तर वरून खाली रुंदावत जायची रीत तिघींची एकच. वाघिणींचं असंच असतं, त्यांच्या मनात आलं. कुठल्याही लाइनीवर जातात, जिथं मोडतात तिथल्या शेडमध्ये हाताशी असेल ते सामान लावून पुढं ढकलतात, आणि शेवटी मूळ सांगाडा आणि परगावचे खिळे असा संसार होतो.

मार्च महिन्यात विसावं वाद्य टेबलावर आलं. गजानं वाजवायचं, सारंगीच्या जातीचं, पण ओबडधोबड. लाकूड कोरून केलेलं पोट, त्यावर ताणलेलं कातडं फाटलेलं, वर लाकडाचीच लांब मान, आणि खुंट्यांना लोंबणारे काळपट केसांचे दोन-तीन झुपके. घोड्याचे केस. इरावतीनं त्याच्यापुढं कार्ड आधीच ठेवलं होतं. "मध्य आशिया, इस्तंबूलच्या बाजारातून." डॉक्टरांच्या यादीत नवव्या ओळीला तसं लिहिलेलंच होतं, "इस्तंबूल, गजाचे, घोड्याचे केस." गजानं वाजवायची कल्पना मध्य आशियातल्या घोडेस्वार लोकांची असावी असं पुष्कळ अभ्यासक मानतात. घोडा तिकडचा, केस तिकडचे, सगळं जमत होतं.

विनोदिनीबाईंनी दीड दिवस माप घेतलं. मान पोटाला जिथं जोडली होती तिथला सांधा ढिला होता. आत डोकावून पाहायला त्यांनी छोटा आरसा घातला, टॉर्च लावला आणि आरसा पुन्हा पुन्हा तिरका करून पाहिला.

"इरावती, इकडं ये. हे वाच."

सांध्यात रुपयाएवढा पितळी वॉशर ठोकलेला होता. त्याच्या कडेला तीन इंग्रजी अक्षरं होती, झिजलेली, पण वाचता येत होती. बी, एन, आर.

"बंगाल-नागपूर रेल्वे," विनोदिनीबाई म्हणाल्या. "स्वातंत्र्याच्या आधीची आपली लाइन. मी नोकरीले लागली तवा स्टोअरमध्ये एक डबा भरून होते असे. म्हातारे स्टोअरकीपर कोणाले हात लावू देत नव्हते."

"कदाचित डॉक्टरांनी इथं आणल्यावर दुरुस्त केलं असेल."

"डॉक्टर बोटीवरून उतरले तोवर ही रेल्वे राह्यलीच नव्हती ना. अन् हा वॉशर नंतरचा नाही, त्याच्यावरचा मळ पाहा. लाकडाचा अन् त्याचा एकच मळ आहे. हे वाद्य तिकडून आलं नाही बाई. इथंच कोण्या रेल्वेवाल्यानं दुरुस्त केलं."

इरावतीनं डॉक्टरांची वही पुन्हा काढली. एकतिसाव्या ओळीला दोनच शब्द होते, "घरचेच आहे." तिनं ती ओळ तंबोऱ्याला लावली होती, डॉक्टरांच्या आईचा असेल समजून. घरचेच म्हणजे इथलंच, परदेशातून न आणलेलं, हे आता दोघींच्या लक्षात आलं. इस्तंबूलचं वाद्य नंतर "अज्ञात" लिहिलेल्या खोक्यात सापडलं, नारळाएवढ्या पोटाचं, व्यवस्थित, आणि त्यालाही घोड्याचेच केस होते.

पण "घरचं" म्हणजे नेमकं कोणाचं? इरावतीनं विनोदिनीबाईंचं ड्रॉइंग गावातल्या एका हिंदी पेपरात छापायला दिलं. खाली एकच ओळ, हे वाद्य कोणी ओळखतं का.

चौथ्या दिवशी ट्रस्टच्या दारात एक माणूस आला. पंचेचाळिशीचा, निळा कामाचा शर्ट, हाताला ग्रीसचा वास, पेपराचा तुकडा चार घड्या करून खिशात. नाव समारू टेकाम. उरला औद्योगिक भागातल्या रोलिंग मिलमध्ये फिटर होता आणि पहिली पाळी करून सरळ आला होता. त्यानं चपला बाहेर काढल्या. टेबलावरच्या वाद्याला हात न लावता आधी वाकून नमस्कार केला.

"ए ह बाना हे, दीदी," तो म्हणाला. "हमर परधान मन के बाना."

हा बाना, आमच्या परधान लोकांचा. तो सांगू लागला, अर्धं छत्तीसगढीत, अर्धं हिंदीत. ते परधान. गोंडांच्या वंशावळी आणि देवाच्या कथा गाणारे लोक. बाना हा त्यांचा देवच. तो वाजला की बडादेव जागा होतो. आजोबा वाजवायचे, वडील बुधराम वाजवायचे. कवर्ध्याकडच्या गावात घर गळलं, वाळवी लागली आणि बाना गेला. तेव्हापासून वडिलांनी गाणंच बंद केलं. बाना घडवणारा माणूस राहिला नव्हता, आणि माप कोणाला तोंडपाठ नव्हतं. आता वडील समारूकडंच राहत होते, बिरगावात, दिवसभर खाटेवर बसून.

"हा कागद मला मिळेल का?" त्यानं हिंदीत विचारलं. "मी फिटर आहे. ड्रॉइंग वाचता येतं मला. बनवून पाहतो."

ड्रॉइंग वाचता येतं म्हणणारा माणूस विनोदिनीबाईंना निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी भेटला होता. त्यांनी त्याला पूर्ण मापाची प्रत दिली, कोपऱ्यात तारीख आणि सही करून, कारखान्यात द्यायच्या तशीच.

समारूनं भनपुरीतल्या एका लाकूडमिलीतून वाळलेला ओंडका घेतला. पोट कोरायला तिथल्याच सुताराची मदत घेतली, बाकी सगळं रविवारी स्वतः केलं. बकऱ्याचं कातडं मिळालं. केस वरातीच्या घोड्या ठेवणाऱ्या एका बग्गीवाल्याकडून आणले. त्यानं आधी "टोना-टोटका करायला हवेत का?" म्हणून जादूटोण्याच्या भीतीनं नाही म्हटलं आणि पेपराचं कात्रण पाहून दोन मुठी दिले. दीड महिन्यानं समारूचा फोन आला, की रविवारी या.

बिरगावातलं घर दोन खोल्यांचं, पुढं लिंपलेलं अंगण. बुधराम खाटेवर बसले होते, ऐंशीच्या घरातले, काटक. श्रीपाद, विनोदिनीबाई आणि इरावतीला चहा आला. समारूनं नवा बाना वडिलांच्या मांडीवर ठेवला. म्हाताऱ्यानं त्यावरून हात फिरवला, केसांच्या तारा जुळवल्या, गज ओढला.

डासाच्या गुणगुणण्यासारखा आवाज आला. पुन्हा ओढला. तेच. विनोदिनीबाईंना सूर कळत नसला तरी हे काही बरोबर नाही एवढं कळलं. बुधरामनी बाना आडवा धरून एका डोळ्यानं त्याच्या मानेकडं पाहिलं, जसं सुतार फळीकडं पाहतो.

"एकर गला बइठ गे हे," ते म्हणाले. याचा घसा बसला आहे. मग विनोदिनीबाईंकडं वळून त्यांनी विचारलं, रागावून नव्हे, खरोखरच समजून घ्यायचं म्हणून, "बेटी, घेंच ल सोझ काबर कर देव?"

मान सरळ काहून केली?

विनोदिनीबाईंना लगेच आठवलं. जुन्या बान्याची मान खुंट्यांच्या टोकाला मागं झुकलेली होती, अकरा मिलिमीटर. त्यांनी ते मोजलं होतं. वहीत लिहिलंही होतं, "मान वाकली आहे." आणि ड्रॉइंग काढताना, एकोणचाळीस वर्षांच्या सवयीनं, ती सरळ करून टाकली होती. वाकलेली वस्तू म्हणजे बिघडलेली वस्तू. कारखान्यात ते खरं होतं.

"माझी चूक आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "समारूभैयानं कागदाबरहुकूम केलं. कागदच चुकला."

समारू गडबडला. "नाही दीदी, मलाच कातडं नीट ताणता—"

"नाही," विनोदिनीबाई म्हणाल्या. "माझ्या वहीत अकरा लिहिलेले आहेत अन् कागदावर शून्य. दुसऱ्या कोणाची चूक कशी होईल?"

बुधरामनी त्यांना जवळ बसवलं आणि बोटानं दाखवलं. मान मागं कललेली असली की तारा कातड्यावरच्या लाकडी घोडीवरून खाली उतरताना कातड्यावर भार देतात. भार असला तर कातडं बोलतं. मान सरळ झाली की तारा नुसत्या टेकतात. विनोदिनीबाईंनी पर्समधून पट्टी काढली, बान्यावर आडवी धरली, कोन पाहिला आणि त्यांना ते इतकं लख्ख दिसलं की त्या स्वतःशीच म्हणाल्या, "अरे, हे तर मले कळाले पाह्यजे होतं."

परत येताना स्कूटरवर श्रीपादला वाटलं की विनोदिनी आता रडणार. पण भनपुरीचा ट्रकांचा जाम सुटला तशा त्या मागून म्हणाल्या, "अहो, घरी जाऊन मी सगळी ड्रॉइंगं पुन्हा पाहतो. अजून कुठं कुठं सरळ केलं असन मी कोणास ठाऊक."

श्रीपाद म्हणाला, "पाहा. मी खिचडी टाकतो."

तोवर काढलेल्या ड्रॉइंगांपैकी पाच त्यांनी फाडून टाकली. एका आफ्रिकन ढोलाचं तोंड गोल नव्हतं, तरी त्यांनी गोल काढलं होतं. एका बासरीची भोकं समान अंतरावर नव्हती, ती त्यांनी समान केली होती. सगळी पुन्हा काढली, आहेत तशी. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक नवा रकाना आखला आणि त्याला नाव दिलं, "वाकडं आहे ते." ते रकाने वाचूनच इरावतीला कितीतरी गोष्टी कळल्या. बासरी वाजवणाऱ्याचा उजवा हात मोठा असावा, ढोल खांद्याला अडकवून वाजवत असावेत, असं बरंच काही.

समारूनं फक्त मान बदलली. यावेळी त्यानं कागद घेतलाच, पण वडिलांनाही शेजारी बसवलं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे पुन्हा त्याच अंगणात जमले. ऊन भयंकर होतं. समारूच्या बायकोनं पसिया, म्हणजे भाताची गार पेज, कांदा घालून सगळ्यांना दिली. बुधरामनी आधी बान्यापुढं थोडी मोहाची फुलं आणि पाणी ठेवलं, डोळे मिटून काही पुटपुटले आणि गज ओढला.

आवाज खोल होता, घोगरा, माणसाच्या गळ्याजवळचा. शेजारच्या घरातली एक बाई कणीक मळायचं सोडून दारात आली. बुधराम गाऊ लागले तेव्हा पहिल्या दोन ओळींत त्यांना शब्द सापडेनात. ते थांबले, पुन्हा सुरुवात केली, आणि मग कुठल्याशा राजाच्या सहा भावांची लांब गोष्ट त्यांच्या तोंडून अशी निघाली, की समारूला ती आपल्या वडिलांना येते हे माहीत असूनही तो तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला. मध्येच बुधरामनी विनोदिनीबाईंचा हात धरून बान्याच्या पोटावर ठेवला. लाकूड त्यांच्या तळव्याखाली धडधडत होतं. डोळ्यांत पाणी कशानं आलं ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

दालन जुलैत उघडलं. बान्यापुढचं कार्ड इरावतीनं तीन वेळा बदललं. शेवटी त्यावर असं राहिलं, की हे वाद्य परधान समाजाचं, गजाच्या वाद्यांच्या मोठ्या कुळातलं, दुरुस्ती रेल्वेच्या वॉशरनं, दुरुस्ती करणारा अज्ञात. बुधराम उद्घाटनाला आले, काचेतल्या बान्याला नमस्कार केला आणि "याला खायला कोण देतं?" असं ट्रस्टच्या लोकांना विचारून गेले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी समारू पाळीवरून येतो आणि काचेपुढं मोहाची दोन फुलं ठेवतो. कोणी त्याला अडवत नाही.

बान्याची बातमी समारूच्या नातेवाइकांतून कवर्ध्याच्या पलीकडं पोचली. दिवाळीनंतर तिकडून निरोप आला, की बोडल्याच्या पुढच्या एका गावात बुधरामच्या मामेभावाकडं अजून एक जुना बाना आहे, वाजतो, पण किती दिवस वाजेल सांगता येत नाही. रायपूरच्या मापवाल्या दीदीला पाठवा.

विनोदिनीबाई आणि श्रीपाद एसटीसारख्या दिसणाऱ्या एका खासगी बसनं निघाले. पुढं समारूच्या चुलतभावाची मोटारसायकल. तो मामेभाऊ बुधरामपेक्षाही म्हातारा निघाला. पडवीत बाना मांडीवर घेऊन बसलेला. विनोदिनीबाईंनी सतरंजी अंथरली, वर पांढरा कागद, बाजूला कॅलिपर, पट्टी, आरसा. आणि नम्रपणे म्हणाल्या, "बाबा, जरा इथं ठेवता का?"

म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली. देवाला जमिनीवर आडवं घालत नाहीत.

"मग मी मोजू कशी?"

त्यानं बाना मांडीवर उभा धरला आणि कातड्याकडं बोट दाखवलं. मोज की. मी धरून आहे.

तो श्वास घेई तसा बाना हलत होता. कॅलिपर टेकवला की दोन मिलिमीटर सरके. श्रीपाद म्हणाला, "विनू, हे काही जमाचं नाही. फोटो काढून घेऊ." विनोदिनीबाईंनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. त्या म्हाताऱ्याच्या समोर मांडी घालून बसल्या आणि त्याची छाती वर-खाली होताना पाहू लागल्या. मग त्याचा श्वास आत जाईपर्यंत थांबायचं, बाहेर सोडून तो क्षणभर स्थिर झाला की माप घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. एका श्वासाला एक माप.

"पोट, रुंदी," त्या म्हणाल्या. "लिहा हो. एकशे त्रेचाळीस."

श्रीपादनं चष्मा चढवला, वही गुडघ्यावर घेतली आणि लिहून घेतलं. म्हातारा पुढचा श्वास घेऊ लागला.